ढगाआडच्या चंद्राचे गुण

२ डिसें. २००५, शुक्र.
आजपासून चंद्राची वही. पहिल्या वर्षाची अडतीस मुलं, विषय सूर्यमाला. पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी चंद्र बघायचा, हात लांब करून मुठीने उंची मोजायची, लिहायचं. दिसला नाही तर ‘दिसला नाही’ लिहायचं, त्यालाही पूर्ण गुण. मीही वही ठेवणार, असं वर्गात सांगून बसलेय.
मुहूर्त बघा. सकाळपासून धो धो. कॉलेजला सुट्टी. चेन्नईभर पूर, आमच्या वेलचेरीत गुडघाभर पाणी, नवरोबा अवि ओरगडमला कारखान्यातच अडकला.

४ डिसें.
दिसला नाही. वीज नाही. अवि दुपारी आला, बूट हातात घेऊन.

५ डिसें., सोम.
दिसला. कोर, शुक्राच्या मूठभर वर. तळमजल्यावरच्या पाटी, म्हणजे तमिळ आजी, गच्चीवर आल्या, हात जोडून गेल्या. छान वाटलं. उगाच रडू आलं, कुणाला सांगणार नाही.

९ डिसें., शुक्र.
पुन्हा पाऊस, पुन्हा सुट्टी. दिवसभर दार उघडलं नाही. पिठलं-भात. नऊला वही लिहून झोपले.

१७ डिसें., शनि.
वह्या तपासतेय. सगळ्यांच्या ‘ढग, ढग, ढग’. एकाने ‘ढग, आईने बज्जी केली’. त्याला अर्धा गुण जास्त द्यावासा वाटला.
सुगुणाची वही मात्र चौदा दिवस भरलेली. ३ तारीख: ‘पश्चिमेला, दीड मूठ.’ ३ तारखेला अख्ख्या चेन्नईत कुणाला आभाळ दिसलं नव्हतं. आणि आकडा बरोबर आहे.
वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. डोकं भणभणलं.

१९ डिसें.
तिला बोलावलं. तंजावरच्या मराठी घरातली. वर्गात इंग्रजी बोलते, माझ्याशी एकटी असली की घरचं मराठी.
“आजोबा पंचांगम पाहून तिथि सांगितले, मी हिशेब केलें. चुकलें कीं, मॅडम?”
म्हटलं, तू पाहिलं नाहीस.
“ढग आले म्हणून चंद्र कुठें जाईल?”
लबाडी नव्हती चेहऱ्यावर. तिच्या घरी श्राद्ध, एकादशी, सगळं आभाळाकडे न बघता ठरतं, आणि बरोबर ठरतं. निरीक्षण म्हणजे काय, हे मी दोन तास शिकवलं होतं. बहुतेक फळ्यालाच.
एचओडींना सांगितलं. ते म्हणाले, खोटी नोंद म्हणजे शून्य, नियम तुमचाच. शून्य म्हणजे ती नापास. नापासाला दुसऱ्या वर्षी फिजिक्स नाही. तिला तेच हवंय.

२० डिसें., मंगळ.
वर्गाला नमुना दाखवायला माझी वही काढली. ९ तारीख: ‘अर्ध्याहून थोडा मोठा, जवळजवळ डोक्यावर.’
९ तारखेला मी दारही उघडलं नव्हतं. ही रोजनिशी उघडून दोनदा खात्री केली. जेवणाच्या टेबलावर बसून, माहीत होतं म्हणून लिहून टाकलं. लिहिताना मनात काही आल्याचंही आठवत नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.
अवि म्हणतो, “शिक्षकाची वही कोण तपासतं? फाड ते पान.” दोन दिवस बोलणार नाही त्याच्याशी. (फाडायचं आधी माझ्याही मनात आलं होतं.)

२१ डिसें.
वर्गात सांगून टाकलं. मुलं हसली. सुगुणा हसली नाही. नंतर दाराशी थांबली.
“तुम्हांस पण शून्य कीं?”
हो म्हटलं.
“तुम्हांस शून्य मिळालें तर काय होतें?”
काही होत नाही, म्हटलं. ती मान हलवून गेली.

२२ डिसें., गुरु.
सदतीस जणांचे गुण दिले. सुगुणाला पुढच्या अमावास्येनंतर पुन्हा वही करू द्या, असा अर्ज घेऊन एचओडींकडे गेले. माझी वहीही पुढे ठेवली, ९ तारीख उघडून. त्यांनी चष्मा लावून वाचलं, वही बंद केली, कॉफी मागवली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
मग विचारलं, “ही नोंद तुमच्या हातून झाली नसती, तर तिच्यासाठी अर्ज आणला असता?”
अर्ज सहीविनाच परत घेऊन आले. उद्या पाचच्या आत तिचा आकडा भरायचाय.