चौदा दिवसांचा जीव

नागपूर, मार्च १९८५

प्रिय मुकुंददादा,

लंडनचं तुझं पत्र मिळालं. चौदा दिवसांपर्यंतच्या गर्भावर प्रयोग करू द्यावेत का, यावरून तिथली पार्लमेंट भांडते आहे आणि तिथल्याच शेजारच्या एका देशात तेवढंही नको म्हणतात. "आपल्याकडे काय नियम आहे गं?" असं तू विचारलंस.

तुला कळवलं नव्हतं. माझं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यातून आले तर सासूबाई म्हणाल्या, "काहून रडून राहिली वं? अजून होतंच काय ते?" दुसऱ्या सकाळी ह्यांची हिंगण्याच्या कारखान्यात पहिली पाळी होती. मी उठून डबा केला. आपल्याकडे हाच नियम आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पण चौदा दिवसांच्या जिवासाठी तिथल्या पार्लमेंटात जो उभा राहून बोलला, त्याला एकदा आमच्याकडे पाठव रे. मी त्याला चहा करीन, आणि मग रडेन.

तुझी,
नीला