दिवेआगरला घोडे नेताना

१२ जानेवारी, रविवार

निर्णय झाला. बिजली आणि सुलतान, आमच्या दोन्ही घोड्यांना टेम्पोत घालून दिवेआगरला न्यायचं आणि २६ जानेवारीला समुद्रकाठानं दौडत जायचं. तिथल्या रायडिंग कॅम्पला 'स्वतःचा घोडा असलेले अनुभवी स्वार' हवेत. म्हणजे मीच. व्हिडिओ बघून थिअरी पक्की झालीय. प्रॅक्टिकल तिथं होईलच.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं. सगळ्यांनी डब्यात माना घातल्या. जळतात.

१५ जानेवारी

बायको, सरिता, तीही येणार म्हणते. म्हणे, घोडी तिच्याशिवाय खात नाही. रोज सकाळी स्कुटीवरून चितेगावच्या शेडला जाते, चारा टाकते, खरारा करते, म्हणून तिला वाटतं घोडे तीच सांभाळते. मॅनेजमेंट कोण बघतं? असो. डबे बांधायला कुणीतरी लागेलच. परवानगी दिली.

संकल्प: उद्यापासून रोज तासभर स्वारी.

१९ जानेवारी, रविवार

थंडी फार. संकल्प पुढं ढकलला. पण बूट आले, गुडघ्यापर्यंतचे. घालून हॉलमध्ये फिरलो. काढताना सरितानं एक पाय ओढला, वॉचमननं दुसरा. अस्सल चामडं असंच असतं.

संध्याकाळी मुख्तारभाई आला. शाळेपासूनचा दोस्त, टेम्पो त्याचाच. गाडी नाही, विमान आहे म्हणाला. घोडे आजवर नेले नाहीत, पण म्हशी नेल्यात, घोडा म्हणजे शेवटी बारीक म्हैसच. माणूस पॉझिटिव्ह आहे.

सरितानं मध्येच काढलं की दर दोन-तीन तासांनी थांबून घोड्यांना पाणी पाजावं लागेल. आम्ही दोघं हसलो. अशानं पुढच्या प्रजासत्ताक दिनाला पोचू.

२३ जानेवारी, गुरुवार

पहाटे निघायचं होतं. दुपारी निघालो.

सुलतान फळीवरून चढला आणि लगेच खायला शोधू लागला. बिजली चढेना. मी व्हिडिओतल्यासारखी इंग्रजीत कमांड दिली. तिनं कान मागं पाडले. मुख्तारभाईनं म्हशीला ढकलतात तसं मागून ढकललं, आणि त्याच्या मांडीवर आता खुराचा ठसा आहे. शेवटी सरिता गूळ घेऊन पुढं चालत टेम्पोत गेली, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. बिजली तिच्यामागं मुकाट चढली. वातावरणनिर्मिती मी आधीच केलेली होती.

नगरला सरिता म्हणाली, थांबा. मी शेड्यूल दाखवलं. शिरूरला परत म्हणाली. मी झोपेचं सोंग घेतलं.

पुण्याबाहेर एका ढाब्यावर मुक्काम. घोड्यांपुढं बादल्या ठेवल्या. बिजलीनं तोंड लावलं नाही. पाण्याची चव बदलली म्हणून रुसली असेल. लाडावून ठेवलीय.

२४ जानेवारी, शुक्रवार

ताम्हिणी घाटात मागून दणके ऐकू आले. बिजली खुरानं फळ्या उकरत होती, वळून वळून स्वतःच्या पोटाकडं बघत होती. अंग घामानं भिजलेलं. तिला खाली उतरवलं तर रस्त्यातच लोळायला बघू लागली.

माणगावहून जनावरांचे डॉक्टर आले. पोटशूळ म्हणाले. प्रवासात पाणी पोटात गेलं नाही की असं होतं. इंजेक्शन दिलं, नळीनं औषध घातलं. आडवी पडू देऊ नका, चालवत राहा, आणि लीद टाकली तर वाचली समजा. नाही टाकली तर, असं मी विचारलं. ते हात धुवायला गेले.

सरिता दोर धरून चालवू लागली. त्या वळणापासून या वळणापर्यंत. मुख्तारभाई चाकाला टेकून दुआ पुटपुटत होता. मी ट्रॅफिक कंट्रोल केला. ट्रॅफिक नव्हता.

मी म्हटलं, दे, थोडा वेळ मी धरतो. ती थांबली नाही. चालता चालताच बोलली, आवाज न चढवता.

"मी दोनदा थांबा म्हणाले व्हते. हिला काय झालं तर मी तुमच्यासंगं घरी येणार नाय."

मी हात बगलेत घातले. घाटात गारठा लई.

उन्हं कलताना बिजलीनं शेपटी उचलली आणि लीद टाकली. मुख्तारभाईनं माझी पप्पी घेतली. सरिता तिथंच रस्त्यावर बसली आणि घोडीच्या पायाला धरून रडली. माझ्याही डोळ्यात काहीतरी गेलं. धूळ असावी.

२५ जानेवारी, शनिवार

दिवेआगर. बिजली खातेय, पितेय. डॉक्टरांनी स्वारीला बंदी केलीय. म्हणजे सगळी मदार सुलतानवर, आणि अर्थात माझ्यावर.

कॅम्पची प्रमुख सायली नावाची मुलगी आहे. घोडीला कुणी वाचवलं विचारत होती. आमच्या टीमनं, म्हटलं. ती सरिताकडं बघत होती.

सरिता कालच्या घाटापासून माझ्याशी बोललेली नाही. जेवण मात्र वाढलं. सुधारणा आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर सायलीनं प्रत्येकाला आधी एकेक फेरी मारायला सांगितली. मी बूट चढवले. दोघांनी मला सुलतानवर चढवलं. पकड उत्तम होती. सुलतान ऐटीत ओल्या वाळूपर्यंत गेला, थांबला, गुडघे मोडून बसला आणि लोळू लागला. मी प्रसंगावधान राखून आधीच उतरलो. उतरलो तो माकडहाडावर. व्हिडिओ काढणाऱ्यांना पडल्यासारखं दिसलं असेल. अँगलचा प्रश्न आहे.

मग सायलीनं सरिताला विचारलं, तुम्ही येता का? मी पालथा पडूनच सांगणार होतो की तिला जमत नाही. तोवर तिनं साडीचा काष्टा मारला आणि सुलतानवर बसलीसुद्धा. सुलतान लोळला नाही. सगळे स्वार किनाऱ्यानं दूर गेले, ती सगळ्यात पुढं. नंतर कळलं, शेडवर चारा टाकून झाला की रोज सकाळी ती स्वारी करते. वर्षभर. मी विचारलंच नाही म्हणे.

ते परत येईपर्यंत मी बिजलीचा दोर धरून उभा होतो. जबाबदारीचं काम.

२७ जानेवारी, सोमवार

हे उभ्यानं लिहितोय. माकडहाड बघून दिवेआगरच्या डॉक्टरांनी बसायला मनाई केलीय. टेम्पोच्या केबिनमध्ये उभं राहता येत नाही, म्हणून मागं आहे, बिजली आणि सुलतानच्या मध्ये. पुढं सरिता आणि मुख्तारभाई पुढच्या वर्षीच्या राईडबद्दल बोलतायत. सायलीनं तिला आत्ताच बोलावून ठेवलंय. माझं नाव निघालेलं ऐकू आलं नाही. इंजिनचा आवाज फार आहे.

सरिता सांगेल तिथं गाडी थांबते. मी बादली धरतो. दोघं पितात.

नगरच्या अलीकडं पोलिसांनी अडवलं. मागं काय आहे, विचारलं.

"दोन घोडे," सरिता म्हणाली, "आणि आमचे हे."

पोलीस मागं येऊन बघून गेला. मी सॅल्यूट केला. त्यानं सुलतानच्या मानेवर थोपटलं आणि गाडी सोडली.