माया, म्हणजे शिवणीतली

बाबा, तुमच्या एका शब्दापायी गेला आठवडाभर मी पुण्याच्या माणसांशी भांडते आहे, आणि तुम्ही मात्र तिकडे निवांत आहात, याचाच मला जास्त राग येतोय. शब्द आहे माया. आईबापाची नव्हे, शिवणीतली. कपड्याच्या आत तुम्ही जे जास्तीचं कापड दुमडून ठेवायचात ती. मी नोकरीत नेमकं काय करते हे मला तुम्हाला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. दुकानात कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "कंपूटरवर चित्रं काढती," आणि मी चिडायचे. आता सांगायला बसले तर त्याहून बरोबर वाक्य मला सुचत नाहीये, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

फोनमध्ये चित्रं काढायला एक वेगळा भाग असतो, त्याला जीपीयू म्हणतात. तो कामाला वाघ आहे, पण त्याच्याकडे पुन्हा पुन्हा चिमूटभर जागा मागायला गेलं की रेंगाळतो. म्हणून सुरुवातीलाच मेमरीचा एक मोठा तुकडा घेऊन ठेवायचा, बफर म्हणतात त्याला, आणि त्यातले हिस्से पाडून वापरायचे. सध्या आमचा प्रोग्राम ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून गावातली वावरं दाखवतो, पीक बरं असेल तर हिरवं, आजारी असेल तर लाल. प्रत्येक वावराची माहिती बफरमध्ये एकापुढे एक असते. जीपीयूला आपण फक्त सांगायचं, ह्याचं इथून सुरू, एवढं लांब. तुम्ही ताग्यावर खडूने बेतायचात, तसंच. फरक इतकाच की हिस्सा कुठूनही सुरू झालेला त्याला चालत नाही. त्याच्या ठरावीक अंतरावरच्या खुणा असतात, तिथूनच सुरू व्हावा लागतो. भारी, म्हणजे महागड्या फोनात त्या खुणा जवळजवळ असतात, स्वस्तातल्या हलक्या फोनात लांब लांब. मग एका वावराची माहिती खुणेच्या अलीकडेच संपली तर पुढच्या खुणेपर्यंत जागा मोकळी सोडावी लागते. त्या मोकळ्या जागेला मी कोडमध्ये नाव दिलं, माया.

आमच्या टीममध्ये इंदूरची एक मुलगी आहे. नवी आहे, हुशार आहे, नोकरी अजून पक्की व्हायची आहे. तिला हलक्या फोनांवर मेमरी कमी पडते म्हणून कुठे बचत होईल ते बघायला सांगितलं होतं. तिने ती सगळी माया काढून टाकली. ऑफिसातल्या फोनांवर तपासलं, झकास चाललं, कारण ते सगळे भारी फोन. कोड पुढे गेला. आणि मग, मी हिंगोलीत राहून काम करते म्हणजे अख्खा जिल्हा माझ्या अंगणात आहे अशी पुण्याची समजूत असल्यामुळे, प्रत्यक्ष वावरावर जाऊन बघायला त्यांनी मलाच डोंगरकड्याला पाठवलं.

बांधावर उभी राहून मी एका बाईंना फोन दाखवते आहे. आमचं गिऱ्हाईक असलेली कंपनी हे रंग बघून कुणाची हळद घ्यायची ते ठरवणार आहे, त्यामुळे बाई डोळे बारीक करून बघतायत. "हे माझं वावर व्हय?" "व्हय, मावशी." "मंग लाल काहून?" मी म्हटलं, लाल म्हणजे पीक आजारी आहे. त्यांनी आधी हळदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजारी तुझा फोन हाय, माय. त्या शेजाऱ्याची हळद करपून राहिली, डोळ्यानं दिसून राहिली, त्याचं हिरवं. अन् माझं लाल. त्याची पाव्हणी लागतीस काय तू?" खरोखर शेजाऱ्याचं वावर हिरवं होतं आणि त्यांच्या तजेलदार हळदीवर लाल डाग. हलका फोन चूक झाली म्हणून ओरडत नाही. हिस्सा खुणेवर सुरू होत नसेल तर तो मुकाट्याने मागच्या खुणेवर जातो आणि तिथून वाचत सुटतो. म्हणजे प्रत्येक वावराला त्याच्या आधीच्या वावराचा रंग. बांधावरून माणसं डोकी फोडतात अशा ठिकाणी.

रस्त्याच्या कडेला थांबून मी कोड उघडून बघितला, माया गायब आणि काढणारीचं नाव समोरच, तेव्हा इंदूरच्या त्या मुलीला फोन लावला. आवाज चढलेलाच होता. ती बिचारी म्हणाली, "मॅम, माया मतलब भ्रम ना? दिखता है, होता नहीं. अंदर सब खाली था, मुझे लगा आपने मज़ाक में नाम रखा है." मला हसूच आलं. चिडलेल्या माणसाला हसू येतं तेव्हा जास्तच चिडायला होतं. पुण्याचा आमचा टीम लीड, माझ्याहून बराच लहान, त्याला हसू वगैरे आलं नाही. "माया काय, मॅडम, उद्या ममता काढाल. असं लिहितात का कोडमध्ये?" आणि मग म्हणाला, रिपोर्ट द्या, कुणाच्या बदलामुळे झालं ते स्पष्ट लिहा, तिचं पक्कं करायचं की नाही ते त्यावर ठरवतो.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे. शिरड शहापूरचे ते गुरुजी आठवतात? कोट घट्ट झाला म्हणून सैल करून घ्यायला कळमनुरीला आपल्या दुकानात आले होते. मी शाळेतून येऊन तुमच्यासाठी चहा घेऊन उभी आहे. तुम्ही "हां गुरुजी, भरपूर माया ठेवलीय," असं मोठ्या रुबाबात म्हणत शिवण उसवता, आणि आत काहीच नाही. कोट शिवून झाल्यावर आतून बाहेर डोकावणाऱ्या त्या पट्ट्या मीच कापून टाकल्या होत्या. साफसूफ दिसावं म्हणून. तुम्ही भरल्या दुकानात म्हणालात, "पोरीनं कापली." मी म्हटलं, मला वाटलं ते फाजील आहे. "फाजील? फाजील आसतं तर म्या ठेवलं आसतं का? इचारायला तोंड दिलंय न्हवं देवानं?" गुरुजी बिचारे म्हणाले, "आसू द्या हो. कोट सैल होत नसंल तर मीच जेवण कमी करतो." सगळे हसले. चहा माझ्या हातातच गार झाला.

तुम्ही खोटं बोलला नव्हतात, हे मला तेव्हाही कळत होतं आणि तेच जास्त लागलं होतं. पण बाबा, मला ते कधी कुणी सांगितलं होतं? तुमच्या दुकानात सांगण्याची पद्धतच नव्हती. बघून शिकायचं, आणि चुकलं की भर दुकानात ऐकायचं. या मुलीनेही कोड बघूनच अर्थ लावला. माया म्हणजे काय याची एक ओळ मी तिथे लिहिली असती तर काही बिघडलं नसतं. लिहिली नाही. मला वाटलं, कळेल. हे "कळेल" मी कुठून उचललं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट त्याहून त्रासाची आहे. दोन दिवस विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की शब्दसुद्धा चुकीचाच होता. शिवणीतली माया पुढे कामाला येते. अंग भरलं की ती सोडवून कपडा मोठा करता येतो. माझ्या बफरमधली मोकळी जागा कधीच सोडवता येणार नाही. ती मेलेली जागा आहे. ती माया नव्हेच. चौकडीच्या कापडात रेघेला रेघ जुळवताना जे कापड फुकट जातं, तुम्ही हळहळत बाजूला टाकायचात, तशी ही जागा. म्हणजे ती रिकामी आहे, नुसतीच अडून बसलीय, हे त्या मुलीला माझ्यापेक्षा नीट दिसलं होतं. आणि ती भरमसाट होती हेही खरं. एवढ्याशा माहितीमागे तिच्या दुपटीने जागा मी मोकळी सोडत होते, जरा थांबून विचार न करता. मग आम्ही दोघींनी फोनवर बसून ते पुन्हा बेतलं. एकेका वावराला वेगळा हिस्सा द्यायचा नाही. बऱ्याच वावरांचा मिळून एक हिस्सा, तो खुणेवर सुरू करायचा, आणि आतल्या आत क्रमांकाने वावर शोधायचं. मोकळी जागा गठ्ठ्याच्या शेवटी एकदाच. ही कल्पना बरीचशी तिचीच. डोंगरकड्याच्या मावशींचं वावर त्याच फोनवर हिरवं झालं. मी दाखवायला गेले तर म्हणाल्या, "हिरवंच हाय की. ते सांगायला एवढ्या लांबून आलीस?"

रिपोर्ट मी लांबलचक लिहिला. नाव कुणी दिलं, अर्थ का लिहिला नाही, तिने काय काढलं, हलका फोन तपासायला कुणालाच का सुचलं नाही, कुणाचा किती दोष हे मला न्यायाने मांडायचं होतं. लीडचा फोन आला. "मॅडम, एवढं कोण वाचणार? एका ओळीत द्या." मी वैतागून अर्धा दिवस त्या एका ओळीवर बसले. तिने काढलं, हे खरं होतं. तुमच्यासारखं तेवढंच लिहिलं असतं तर त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी लिहिलं, "मोकळ्या जागेला दिलेलं नाव चुकीचं होतं आणि ते मी दिलं होतं." तो म्हणाला, ठीक आहे, मग नाव बदला. तिची नोकरी पक्की झाली. तिने मला मेसेज पाठवला, "थँक यू मॅम, पर माया का असली मतलब तो बताइए." मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल नाव बदललं. एक बटण दाबलं की सगळीकडे एकदम बदलतं, शोधावं लागत नाही. त्या जागी आता एक इंग्रजी शब्द आहे, ज्याचा अर्थ कुणालाही कळतो. हे पत्र लिहून मी कुठे ठेवणार, कुणाला देणार, काही ठरवलेलं नाही. बहुतेक कुणालाच नाही. एवढंच की तुम्ही गेल्यावर तुमची शिवणाची मशीन मी कनेरगाव नाक्याच्या एका बाईंना देऊन टाकली, तेव्हा घरी येऊन मी पोटभर जेवले होते. काल दुपारी, तो शब्द पुसून झाल्यावर, ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. घरात विचारलं तर सांगितलं, पित्त झालंय.