माझी काच, बायाची काच

३ मार्च १९६७, शुक्रवार

मी कामाला आहे त्या दवाखान्याचं बाक आज बुधाने लाथेने उलटवलं. माझा सख्खा चुलतभाऊ, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. त्याची पोरगी बाया सात वर्षांची. हाडं दुखतात म्हणून सकाळपासून किंचाळत होती. आईच्या दंडाला चावून तिने रक्त काढलं. दिवाळीपासून ही तिसरी खेप.

"सारजीचं काम हाय," बुधा म्हणाला. "भगतानं नाव घेतलंय. ती पाय चोळून जाती आन् पोरीला कळ येती."

मी म्हणालो, कळ येते म्हणूनच मावशी चोळायला येते.

"तू सातवी शिकला ना? मग गप काचा धू."

सारजामावशी वाडीची सुईण. बायाची नाळ तिने कापली, बुधाची तिनेच, माझीही तिनेच.

डॉक्टरांनी पोरीच्या बोटाचं रक्त काढलं. थेंब काचेवर, वर पातळ काच, कडेने व्हॅसलीन — आत हवा जायला नको. एक दिवस ठेवायचं. तुलनेसाठी शेजारी निरोगी माणसाचा थेंब. इथे निरोगी माणूस म्हणजे नेहमी मीच. काचांवर नावं लिहिली: बाया, कान्हू. दोनदा तपासली.

डॉक्टर रविवारपर्यंत पुण्याला. जाताना म्हणाले, "उद्या तुझ्या पेशी गोल आणि पोरीच्या वाकड्या दिसल्या, तर बुधाला बोलावून दाखव. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर म्हातारीला सोडेल तो."

४ मार्च, शनिवार

दहा वाजता बायाची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. विळे. दुसरा शब्द नाही. काल याच पेशी गोल होत्या, मधे अंगठ्याने दाबलेल्या भाकरीसारख्या. डॉक्टरांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवतो. लाल पेशीला केंद्रक नसतं. पातळ पिशवी, आत ठासून लाल द्रव्य, ते प्राणवायू वाहून नेतं. बायाच्या आजारात प्राणवायू सुटला की द्रव्याच्या काड्या होतात आणि पिशवी आतून ताणून वाकवतात. वाकड्या पेशी केसाहून बारीक नसांत अडकून बसतात. पुढचं मांस आणि हाड गुदमरतं. पोरगी उगाच चावत नाही.

मग माझी काच लावली.

तिच्यातही विळे. थोडे कमी, पण विळेच.

म्हणजे मी घोळ घातला. दोघांना एकच सुई टोचली का? नावं उलटी पडली का? दोनदा तपासली होती — मग तिसऱ्यांदा का नाही?

साडेअकराला बुधा स्वतःहून आला. कमरेला कोयता. "दाव तुजं त्ये रगतातलं. डाक्टर म्हनलं व्हतं ना."

मी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. चुकलेली काच कशी दाखवायची? म्हणालो, काच बिघडली, पुन्हा करतो, सोमवारी ये.

बुधा हसला. "सोमवारी. बरं. तवर भगताचं ऐकतो."

तो गेल्यावर दोन्ही काचा घासून धुतल्या.

५ मार्च, रविवार

मावशीला दुपारी झोळीत घालून आणलं. शेजारच्या हौशीरामभाऊंनी सांगितलं ते लिहितो, म्हणजे कोणाला नंतर बदलता येणार नाही.

सकाळी भगताच्या अंगणात तिला खांबाला बांधलं. नाकाखाली मिरच्यांची धुरी दिली. "पोरीला सोड म्हन." ती म्हणाली, "धरलीच न्हाई, तर सोडू कशी?" मग बुधाने तिचे हात पाट्यावर ठेवले. ज्या हातांनी चोळते ते. वरवंटा त्यानेच घातला. आधी उजव्यावर, मग डाव्यावर. बाकीच्यांनी लाथा घातल्या. बाया आत भगताच्या घरात किंचाळतच होती, म्हणून ते थांबले नाहीत.

मी जखमा धुतल्या. बोटं कुठली कुठे आहेत ते कळेना. तिच्या पदरात दोन दात होते, ते तिने जपून ठेवले होते.

"कान्हू, पोरीची कळ थांबली का रं?"

व्हय मावशी, म्हणालो. खोटं होतं.

चार वाजता गेली. डॉक्टर पाच वाजता पोचले.

६ मार्च, सोमवार

पोलिसांनी बुधाला वडगावला नेलं. भगत पळाला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं — दोन्ही काचांतले विळे, फडकं, धुतलेल्या काचा. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "दोन सुया होत्या. मी स्वतः उकळून दिल्या होत्या. आता फक्त तुझं रक्त ठेव."

नवी सुई, नवी काच. खोलीत दुसऱ्या कोणाचं रक्त नाही. नाव तीनदा तपासलं.

७ मार्च, मंगळवार

विळे.

डॉक्टर म्हणाले, "आई आणि बाप दोघांकडून आलं की बायासारखं होतं. एकाकडूनच आलं तर तुझ्यासारखं. माणसाला जन्मभर कळत नाही."

म्हणजे काच बिघडली नव्हती. बायाला हे बुधाने आणि तिच्या आईने दिलं. बुधाला आणि मला बहुतेक आजोबांकडून आलं. मावशीने फक्त आमच्या नाळा कापल्या होत्या.