तीस दात्यांचं चाक

श्रीरामपूर, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

चढलं! सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, हाताने बनवलेलं छोटं इंजिन चार डब्यांसकट फळीचा चढ चढलं. आज नाही जमलं तर आप्पा सगळं भंगारात देणार होते. म्हणून मीच पंधरा दात्यांचं चाक काढून तीस दात्यांचं बसवलं. मोटरच्या दांड्यावरचं स्क्रूसारखं मळसूत्र या चाकाच्या दात्यांत अडकतं; त्याची एक फेरी, की चाकाचा एकच दाता पुढे. म्हणजे वेग निम्मा, जोर जवळपास दुप्पट. बरोबर ना?

"ही काय गोगलगाय हाय व्हय?" आप्पांनी चिडवलं.

अर्ध्या चढावर लाईट गेली. आता घसरणार म्हणून मी हात पुढे केला, पण गाडी जागची हलली नाही. मळसूत्र चाकाला फिरवतं, चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही!

लाईट आली, तीस दाते सावकाश फिरले, गाडी वर पोचली. मग आप्पा म्हणाले, "पोरी, पाचवा डबा आन."