डुकराच्या चित्रापुढे तीन नमस्कार

आन्दोंग,
दहावा चांद्रमास, सप्तमी

तोंगयॉन्गनिवासी ज्येष्ठ चुलतबंधू क्वॉन ताए-ब्योक यांच्या चरणी धाकटा सॉक-ग्यू मस्तक ठेवतो आणि विचारतो की, समुद्रावरचे वारे यंदा आपल्या गुडघ्यांशी कसे वागत आहेत. वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. इकडे पहाटे ओढ्यावर बर्फाची साय धरू लागली आहे. पर्सिमनची फळे सोलून ओसरीत दोऱ्यांना टांगली आहेत आणि शेजारचे कावळे त्यांच्यावर माझ्याइतकेच लक्ष ठेवून आहेत. माझी प्रकृती बरी आहे. मन मात्र ठिकाणावर नाही. जन्मभर धर्मग्रंथांच्या संगतीत जो प्रश्न कधी पडला नाही, तो गेल्या महिन्यात एका चित्रपटाच्या कचेरीत पडला : आपला चेहरा आपण दुसऱ्याला देऊ शकतो काय? त्यांनी दिलेल्या कागदावर येत्या पौर्णिमेपर्यंत सहीचा शिक्का मारायचा आहे, किंवा मारायचा नाही. घराण्यात आपल्याहून वडीलधारे कोणी उरलेले नाही, म्हणून हा सारा प्रकार आपल्यापुढे ठेवतो. पत्र लांबेल, गुडघे शेकत शेकत वाचावे.

आपल्याला ठाऊकच आहे की, चित्रीकरणाच्या आरंभी जी पूजा होते, तिची प्रार्थना गेली चाळीस वर्षे मी लिहून देत आलो आहे. (मी चित्रपट पाहत नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना लिहिली, त्यांतले तीनच पाहिले, आणि तिन्हींत झोप लागली. पण मंडळी श्रद्धेने बोलावतात आणि श्रद्धेला नाही म्हणू नये.) प्रार्थनेचा नमुना आपल्या आजोबांच्या हातचा, गलबतांसाठी केलेला, त्यात मी थोडा फेरफार करून घेतला. दिवा कोसळू नये, घोडा उधळू नये, बाहेरच्या दिवशी पाऊस नसावा, आकाशातून वीज पडू नये, नायिकेचा पाय मुरगळू नये. एवढे मागून झाले की नैवेद्याच्या ताटातल्या डुकराच्या हसऱ्या मुंडक्यापुढे तीन नमस्कार घालायचे, तांदळाच्या मद्याची धार सोडायची आणि जेवायला बसायचे. चाळीस वर्षांत यात गोंधळ होण्यासारखे काही नव्हते.

यंदा पाजूहून निर्माते बांग जुन-ओ यांचा दूरध्वनी आला. (मनुष्य विनयशील आहे, बोलताना पलीकडे वाकतो आहे, हे आवाजावरून कळते.) मी नेहमीप्रमाणे सर्वांची नावे, जन्मवर्षे आणि कुळांची मूळ गावे मागितली, कारण कोण मागतो आहे हे कळल्याशिवाय देव देणार तरी कोणाला? नायिकेचे नाव युन सो-आ असे आले. मी विचारले, कुठले युन?

"गुरुजी, ती कुठलीच नाही. ती मार्चमध्ये झाली."

"कोणाच्या पोटी?"

ते हळूच म्हणाले, "संगणकाच्या."

तेव्हा उलगडा झाला की या चित्रपटात कॅमेरा नाही, दिवे नाहीत, घोडे नाहीत आणि माणसेही नाहीत. सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवायचे आहे. जन्मताच एक वर्ष धरणाऱ्या आपल्या जुन्या गणतीने नायिका एक वर्षाची होते. कथेत मात्र ती विधवा आहे, दोन मुलग्यांची आई. आता कुळ नसलेल्या मुलीसाठी कुळदेवतांना साकडे कसे घालावे? मी दोन दिवस ग्रंथ उलथेपालथे केले. शेवटी दत्तक मुलींच्या नियमाचा आधार घेऊन तिला बांग यांच्याच कुळात घातले. ते अविवाहित आहेत. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट दोनदा आभार मानले.

पाजूला पोचलो तर नैवेद्याचे ताट मांडलेले होते. दोऱ्यात गुंडाळलेला सुका मासा होता, मद्य होते, फळे होती, आणि मधोमध, जिथे मुंडके असायचे, तिथे एक टॅब्लेट उभी केली होती. तिच्यात डुकराचे चित्र होते. बांग अदबीने म्हणाले, "गुरुजी, अजून थोडं हसवू का?" आणि बोटाने काहीतरी केले, डुकराने दात दाखवले. भाविकांनी जिथे त्याच्या तोंडात पैशांचे पाकीट खोचायचे, तिथे नाकपुड्यांखाली ठिपक्यांचा चौकोन होता आणि मंडळी रांगेने आपापले मोबाईल त्याला दाखवून मागे सरत होती.

पूजेला टाक फिल-जू नावाचे नट आले होते. वय बासष्ट. गेली वीस वर्षे कुठल्याही चित्रपटात म्हातारा खाटेवर मेला, की तो बहुधा हेच असत. या चित्रपटात त्यांना काम नव्हते, कोणालाच नव्हते. पण पूजा चुकवायची नाही, असा त्यांचा नेम. ते टॅब्लेटपुढे उकिडवे बसले आणि डुकराला म्हणाले, "बघ बाबा, तुझं नि माझं एकच झालं. यांना तुझं मुंडकंही खरं नको."

नमस्कार करावा की नाही, याचा मला निर्णय होईना. पितरांच्या पूजेत आपण कागदावरच्या नावालाच नमस्कार करतो, मग चित्राने काय घोडे मारले? परंतु आजवरच्या डुकराने निदान प्राण दिलेला असे. या डुकराने काय दिले होते? उलट, ज्याने प्राण दिला नाही त्याला नमस्कार करणे अधिक अहिंसक नव्हे काय? तिन्ही बाजू मला सारख्याच पटल्या. मंडळी ताटकळली होती. मी तीनदा वाकलो.

पुढे जे घडले त्यात माझा दोष आहे, आणि आपल्यापासून तो लपवत नाही. ताटातली तांदळाची वडी गार होती. गार वडीतून वाफ निघत नाही आणि वाफेवाचून देवांना नैवेद्याचा पत्ता लागत नाही, असा माझा आग्रह पडला. कोणीतरी धावत जाऊन विजेचे वाफपात्र आणले आणि जवळच्या भिंतीत जोडले. मी प्रार्थना खड्या आवाजात म्हणू लागलो, आणि "आकाशातून वीज पडू नये" या चरणावर आलो असता फट् असा आवाज होऊन सगळीकडे अंधार झाला. डुकराचे हसू तेवढे अंधारात लुकलुकत राहिले. वास्तविक मी मागितले ते देवांनी दिलेच होते, आकाशातून काही पडले नाही. भिंतीतल्या विजेचा उल्लेख आजोबांच्या नमुन्यात नाही, याला मी काय करू? पण दिवे आल्यावर आतून कोणी रडल्याचा आवाज आला. नायिका सुखरूप होती. तिचा सासरा गेला होता. अकरा दिवस खपून घडवलेला, पितरांची पूजा करणारा म्हातारा, त्याची दाढी, डोळे, सुरकुत्या, सगळे एका वडीपायी पुसले गेले होते.

जेवताना मोठा वाद झाला, तो मी पुरता ऐकला आणि मुळीच समजलो नाही. बांग म्हणाले की परदेशच्या महोत्सवांत यावरूनच भांडणे चालली आहेत. माणसाविना केलेला चित्रपट स्पर्धेत घ्यायचा की नाही, यावर पंच एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. एका देशात तर नटांनी कित्येक महिने काम बंद ठेवले होते. दुसरीकडे चित्रपटगृहे ओस पडत आहेत, आणि लोक घरी लोळत मोबाईलवर दीडपट वेगाने चित्रपट पाहतात. (दीडपट वेगाने विधवा कशी रडते, हे मला त्यांनी दाखवले. हसू आले, आणि मग लाज वाटली.) हाच चित्रपट तीस भाषांत जाईल आणि प्रत्येक भाषेप्रमाणे ओठही हलतील. टाक यांनी पेला खाली ठेवून विचारले, "तीस भाषा बोलणार, पण भूक कुठल्या भाषेत लागणार तिला?" बांग म्हणाले, "दादा, तुम्ही महाग आहात म्हणून नाही हो. पैसा देणाऱ्याला माणूसच नकोय." टाक म्हणाले, "मग तिकीट काढायलाही संगणकच पाठव म्हणावं." बांग बोलत असता मला बांग यांचे पटे, टाक बोलत असता टाक यांचे, आणि दोघे जेवत असता दोघांचेही.

तेवढ्यात सासरा घडवणाऱ्या बाई, मा द-ऊन, डोळे पुसून माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्याकडे एकटक पाहू लागल्या. या वयात इतके निरखून माझ्याकडे वैद्यही पाहत नाही. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या सुरकुत्या फार छान आहेत. आमचा म्हातारा तुमच्यामुळे गेला, तुम्हीच या ना त्याच्या जागी." अपराधी माणसाला नकार सुचत नाही. त्यांनी मला एका गोल खोलीत बसवले, जिच्या भिंतीभर कॅमेऱ्यांचे डोळे होते. हसायला सांगितले, हसलो. रागवायला सांगितले, भिंतीतल्या विजेची आठवण काढली, ते उत्तम झाले. मग रडायला सांगितले. मी म्हणालो की रडण्याला शास्त्रात काळ आणि कारण नेमून दिलेले आहे. शुक्रवारी दुपारी कारणाविना ते करता येत नाही. बाईंनी विचारले, "आजोबा, तुमचे वडील कधी गेले?" मी सांगितले की युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात नाकदोंग नदीकडे गेले आणि परतले नाहीत, मी तेव्हा दोन वर्षांचाही नव्हतो, चेहरा आठवत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "बरं." पुढे त्यांनी काही विचारले नाही. त्यांचे काम झाले होते.

निघताना कागद दिला. त्यात लिहिले होते की माझा चेहरा आणि माझा आवाज त्यांनी या व अन्य कोणत्याही चित्रपटात, ज्ञात व अद्याप अज्ञात अशा सर्व साधनांनी, समग्र विश्वात, काळाच्या अंतापर्यंत वापरावा. काळाचा अंत हे शब्द प्राचीन ऋषींनीही इतक्या सहजपणे वापरलेले मला आढळले नाहीत. फाटकाशी टाक उभे होते. म्हणाले, "काका, एकदा शिक्का मारलात की यापुढचे सगळे म्हातारे तुम्हीच. मी काय करू मग? नवरदेवाची कामं मागू?" हसत म्हणाले, पण माझी पिशवी बसपर्यंत उचलून आणली.

दादा, मी यावर पुष्कळ विचार केला. देह ही आईबापांची ठेव आहे. केस कापतानासुद्धा आपल्या आजोबांनी आधी पितरांची क्षमा मागितली होती. माझा चेहरा माझ्या वडिलांसारखा आहे, असे आई म्हणत असे. म्हणजे तो माझा कमी आणि त्यांचा अधिक. ज्यांना मी कधी पाहिले नाही, त्यांची वस्तू त्यांना न विचारता मी समग्र विश्वाला कशी देऊ? शिवाय त्यात टाक यांचा घास जातो. ज्याला प्राण नाही त्याला बोलायला लावणे हा पितरांचा उपमर्द आहे, आणि माणसाने गेलेल्यांना गेलेले राहू द्यावे, या निर्णयाप्रत मी आलो आहे. शिक्का मारू नये, असेच आपणही म्हणाल, याची खात्री आहे. तरी आज्ञा कळवावी.

वहिनींना नमस्कार. थंडीत समुद्रावर फिरायला जाऊ नये. आपला आशीर्वाद या दारापर्यंत पोचत असतो, याची मला रोज प्रचीती येते.

आज्ञाधारक धाकटा
सॉक-ग्यू

ता. क. : सुकवलेल्या पर्सिमनचा खोका वेगळा पाठवतो. शिक्क्याविषयी एक सांगायचे राहिले. तो मी परवाच मारला. मात्र मारण्यापूर्वी कुंचल्याने "काळाचा अंत" खोडून "हा चित्रपट पुरा होईपर्यंत" असे लिहिले, समग्र विश्व खोडले, अन्य चित्रपट खोडले, आणि आवाज देण्यास साफ नकार दिला. सासऱ्याची प्रार्थना टाक म्हणतील, अशी अट घातली. बांग यांनी सगळे मान्य केले. टाक गेले तीन दिवस इथेच मुक्कामाला आहेत, मी त्यांना प्रार्थनेची चाल शिकवतो आहे. आवाज चांगला आहे; जेवतातही चांगले.

आणखी ता. क. : मोबदला म्हणून मी एकच गोष्ट मागितली. मा द-ऊन बाई म्हणतात की जुन्या फोटोतला चेहरा, कितीही लहान असो, त्या मोठा करतात आणि बोलता करतात. आपल्या कपाटात शाळेच्या समारंभाचा तो एक फोटो आहे, ज्यात मागच्या रांगेत डावीकडून दुसरे माझे वडील उभे आहेत. चेहरा चवळीच्या दाण्याएवढा. तो चार दिवसांसाठी मिळावा. टपालाने नको, मीच तोंगयॉन्गला येतो. वर पितरांच्या उपमर्दाविषयी जे लिहिले आहे, ते मनापासून लिहिले आहे आणि ते खोडत नाही. माझ्या मुलाला यातले काही कळवू नये.

शेवटचा ता. क. : वडिलांच्या आवाजाचे काय करायचे, असे बाईंनी विचारले. तो मला ठाऊक नाही. आपण त्या उन्हाळ्यात नऊ वर्षांचे होता. त्यांनी आपल्याला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती, असे आपण एकदा मद्याच्या दुसऱ्या पेल्यावर सांगितले होते. आवाज जाड होता की बारीक? बोलताना थांबत असत काय? आपण सांगाल तसा टाक काढून दाखवतील. "दादांना फोनवर नीट ऐकून घेतो," असे म्हणतात. आपण ओळखाल तोपर्यंत ते पुन्हा पुन्हा म्हणतील. दुसरी अडचण विधीची आहे. वडील सव्वीस वर्षांचे असतील आणि मी शहात्तर. तरी मुलगा मीच, तेव्हा वाकायचे मीच, याविषयी ग्रंथांत दुमत नाही. डुकराच्या चित्रापुढे तीनदा वाकलो; गेलेल्या वडिलांपुढे दोनदाच वाकायचे असते, हेही मला पाठ आहे. फक्त आजवर समोर नुसते कागदावरचे नाव असायचे. दुसरा नमस्कार करून उठल्यावर वर बघायचे असते की नाही, हे मला कुठेच लिहिलेले सापडत नाही. आपल्याला ठाऊक असेल तर लौकर कळवावे.