न उलटलेलं पान

प्रिय बारक्या,

आमची कन्या आज अकरा दिवसांची झाली आणि घरात तिचंच राज्य सुरू आहे. नाक आपल्या घराण्याचं घेऊन आलीय, त्याला कुणाचाच इलाज नाही. बाकी सगळं तुझ्या वहिनीचं, आवाजसुद्धा. मी उचललं की भोकाड पसरते, वहिनीनं घेतलं की गप्प. मला त्याचाही आनंदच होतो, इतका मी कामातून गेलोय. छापखान्यात सगळ्यांना फोटो दाखवून झाला. बाइंडरनं तो उलटा धरूनही तोंडभर कौतुक केलं.

आमचं तीनदा काय झालं ते तुला माहीतच आहे. तिन्ही वेळा दहावा आठवडा उजाडायच्या आत सगळं संपलं. वहिनीच्या किती तपासण्या झाल्या याची गणती नाही. माझी एकच झाली. रिपोर्टात ‘शुक्राणूंची संख्या भरपूर’ एवढं वाचलं आणि छाती फुगवून तो कपाटात टाकला. वीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून लोकांचे काना-मात्रा पकडतोय, पण स्वतःच्या रिपोर्टाचं पान काही मी उलटलं नाही. वहिनीनं मात्र जिने चढणं बंद केलं, आवडती नोकरी सोडली आणि आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून झुरत राहिली.

कपाट आवरताना ते पान शेवटी तिनंच उलटलं. मागे एक ओळ होती : वारंवार गर्भपात होत असल्यास शुक्राणूंच्या गुणवत्तेची वेगळी तपासणी करावी. ती केली. डॉक्टरबाईंनी माझं काम विचारून घेतलं आणि माझ्याच भाषेत समजावलं, की शब्दसंख्या बरोबर आहे, पण मजकुरात चुका फार आहेत. शुक्राणूंमधल्या डीएनएला इजा झालेली असली, तर गर्भ राहतो, पण कधीकधी टिकत नाही. हेच कारण, असं त्या छातीठोकपणे सांगेनात. असू शकतं, एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी आधी खदखदून हसली आणि मग तिथंच रडली. नंतर माझी सिगारेट सुटली (त्या दिवसांतला माझा चिडकेपणा वहिनीलाच विचार), अंडकोशातल्या सुजलेल्या शिरांचं छोटंसं ऑपरेशन झालं, आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. तो मी शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचला. त्यानंतर वर्षाच्या आत ही बाईसाहेब हजर!

आता पत्राचं खरं कारण सांगतो. परवा अभिनंदनाचा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, की तुमचंही दुसऱ्यांदा गेलं, आणि तुझा रिपोर्ट चांगला आहे म्हणजे दोष बायकोतच असणार. बारक्या, हेच वाक्य मीही एकदा बोललो होतो, आणि वळून बघतो तर वहिनी दाराआड उभी होती. तिनं ते मला कधीच बोलून दाखवलं नाही, म्हणून आज मी तुला सांगतोय. मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टरबाईंकडे तुझं नाव नोंदवलंय, मी बरोबर येतो. पण तुझ्या बायकोला जवळ बसवून आजच सांग, ‘कारण काहीही निघो, तुझं काही चुकलेलं नाही.’

तुझाच, एकदाचा बाप झालेला,
दादा